दोन इंच माया

मास्तरांनी ब्लेडचं टोक खिशाच्या कडेत सरकवलं आणि पहिला टाका उसवला. मग दुसरा. बायकोच्या निळ्या एप्रनच्या डाव्या छातीवरचा तो खिसा कधीकाळी त्यांनीच शिवला होता, आणि स्वतःची शिवण उसवायला शिंप्याला नेहमीच जास्त वेळ लागतो. एक तर ती घट्ट असते, आणि दुसरं म्हणजे जिवावर येतं.

“अहो, एवढा धडधाकट खिसा,” शेजारच्या स्टुलावरून मास्तरीणबाई म्हणाल्या. “खडू ठेवायला तरी राहू द्या.”

“आज खडू, उद्या फोन.”

“मी काय लहान मूल आहे?”

“लहान मूल ऐकतं तरी.”

बाई हसल्या. महिन्याभरानं त्या आज पहिल्यांदा दुकानात आल्या होत्या, आणि त्या हसल्यावर दुकानाला पुन्हा जाग आल्यासारखं मास्तरांना वाटलं. महिन्यापूर्वी याच स्टुलावर काज करता करता त्या सुईसकट खाली कलंडल्या होत्या. हृदयाचे ठोके मधूनच गळत होते म्हणे. डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक इवलंसं यंत्र बसवलं. ठोका चुकला की ते हृदयाला आठवण करून देतं. पेसमेकर. बाई दोन दिवसांत उठून बसल्या. सावरायचे राहिले ते मास्तर. बाईंनी घरी नुसते डोळे मिटले तरी ते हातातलं काम टाकून त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघत बसायचे.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी समजावलं होतं, की घाबरण्यासारखं काही नाही, मोबाइल खुशाल वापरा. फक्त तो छातीवरच्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून सहा इंच लांब असू द्यायचा, आणि बोलताना उजव्या कानाला धरायचा. अगदी जवळ आला तर यंत्राचा गोंधळ होऊ शकतो, एवढंच. बाकीचं सगळं मास्तरांनी नुसती मान हलवत ऐकलं होतं, पण सहा इंच म्हटल्यावर ते ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलला होता. त्यांनी तिथल्या तिथं मनात सहाचे आठ केले. शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मापाला माप कापणारा कधी ना कधी फसतो, माया सोडणारा निभावतो. तेव्हा सहा इंच डॉक्टरांचे आणि दोन इंच माया.

खिसा निघाला. त्याच्या जागी गडद निळा चौकोन उरला, बाकीचं कापड विटून गेलेलं. मास्तरांनी खिसा एप्रनच्या उजव्या कमरेवर, चांगला खाली ठेवला, टेपनं खांद्यापासूनचं अंतर दोनदा मोजलं आणि कापड मशीनखाली घेतलं.

“मास्तर, माझं ऐकाल तर फोन घरातूनच काढून टाका,” क्लॅरिनेटवाला म्हणाला. तो बँडमध्ये वाजवायचा, आणि गणवेशाच्या कोटाचं निमित्त करून रोज तासभर दुकानात ठाण मांडायचा. “परवाच मला मेसेज आलाय. फोननं मेंदू आतून शिजतो. रक्ताचं पाणी होतं. केस गळतात.”

“तुम्हाला तो मेसेज आला कशावर?” बाईंनी विचारलं.

“फोनवर.”

असं म्हणून क्लॅरिनेटवाल्यानं नकळत टकलावरून हात फिरवला. बाईंनी तोंडाशी पदरासारखा टेप धरला. मास्तरांना मात्र हसू आलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठायचा त्यांचा स्वभाव, आणि आता तर हातात सुताचं अख्खं रीळ होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंच्या धाकट्या बहिणीचा. रोज दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाली की, तो यायचा आणि अर्धा-पाऊण तास चालायचा. बाईंनी फोन उचलला, “हं, बोल गं,” म्हटलं आणि त्या सवयीनं मागच्या ट्रायल रूममध्ये शिरल्या. पडदा ओढून घेतला.

पडदा आखूड होता आणि समोर आरसा होता. मास्तरांनी मान वाकडी करून पाहिलं. फोन डाव्या कानाला होता.

“उजवा!” मास्तर ओरडले. सुई तुटता तुटता वाचली. “उजवा कान!”

क्लॅरिनेटवाला दचकून स्वतःचा उजवा कान चाचपायला लागला. पडद्याआड बाईंनी फोन पटकन दुसऱ्या हातात घेतला. मग बराच वेळ फक्त “हं” ऐकू येत राहिलं. “हं... हं... हं.” आणि पाच मिनिटांत फोन संपला.

“आज लवकर आटोपलं?” मास्तरांनी विचारलं.

“तिला काम होतं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही धाकटीला काम होतं. तिसऱ्या दिवशीही. लेकीचा फोन आला तेव्हा लेकीलाही काम होतं. मास्तर पडद्याखालून, आरशातून, कधी कोटाला इस्त्री करण्याचं निमित्त करून पाळत ठेवायचे. फोन उजव्या कानाला आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तो असायचा. तीच बाई, जिच्या गप्पांनी दुकानातली अर्धी दुपार भरून जायची, ती उजव्या कानाला फोन लावून भिंतीकडे बघत चारदोन हुंकार द्यायची आणि फोन खाली ठेवायची. ठेवल्यावर थोडा वेळ उगाच बटणांचे डबे नीट लावत बसायची.

मास्तरांना वाटलं, आजारपणाची कमजोरी असेल. त्यांनी घरी दूध जास्त आणायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी ते बटणं आणायला समोरच्या दुकानात गेले. रस्ता ओलांडला की झालं. बटणवाल्यानं काळ्या बटणांचे दोन पुठ्ठे काढून ठेवले, एक दोन भोकांची, एक चार भोकांची, आणि मास्तरांना काही केल्या आठवेना की क्लॅरिनेटवाल्याच्या कोटाला कुठली लावायची ठरली होती. त्यांनी दुकानात फोन लावला. बटणवाल्याच्या दारातून काचेपलीकडच्या बाई स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी फोन बघितला, इकडेतिकडे पाहिलं, आणि शहाण्या मुलीसारखा उजव्या कानाला लावला. मास्तरांना बरं वाटलं.

“अगं, कोटाला बटणं चार भोकांची ना?”

“हं.”

“का दोन भोकांची म्हणाला होता तो?”

“हं.”

“अगं, दोन का चार?”

“हं, हं.”

काचेपलीकडे बाईंची मान हलत होती, चेहऱ्यावर ऐकत असल्याचं हसू होतं. मास्तरांना उगाच काहीतरी सुचलं.

“दुकानाला आग लागली आहे का?”

“हं,” बाई म्हणाल्या. “या लवकर.”

एरवी मास्तर हे महिनाभर सांगत सुटले असते. आज त्यांनी फोन खिशात टाकला, तोही आठवणीनं पॅंटच्या, आणि बटणांचे दोन्ही पुठ्ठे उचलून ते रस्ता ओलांडून आले. आल्यावर सरळ मशीनवर बसले. त्यांची मशीन उजवीकडे आणि बाईंचं स्टूल डावीकडे, दोघांची तोंडं रस्त्याकडे. दुकान उघडल्या दिवसापासून अशीच बसायची रीत. मास्तरांनी मशीन सुरू केली, मान खालीच ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चहा टाकतेस का?”

बाईंनी बटणाला चौथा फेरा दिला आणि दोरा तोडला.

मास्तरांनी पाय थांबवला. उठले, स्टुलाला वळसा घालून बाईंच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“उजवा कान.”

बाईंनी सुई बाहीच्या कापडात टोचून ठेवली. कानावर हात ठेवायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी गुडघ्यावरच्या कोटावरून हात फिरवला.

“झाली काही वर्षं.”

“आणि मला पत्ता नाही?”

“या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, मग तुम्हाला कसं कळणार?” त्या हसल्या, पण ते हसू फार पुढं गेलं नाही. “डावा चांगला आहे हो. दोन कानांचं ऐकतो. चालून जातं. माप घेताना मी आरशाच्या बाजूला येऊन उभी राहायला लागले, आठवतंय? उजेड चांगला येतो म्हणाले होते.”

“पण सांगायचं नाही? डॉक्टरला दाखवलं असतं. आणि त्या डॉक्टरांनी उजव्या कानाला फोन धरा म्हटलं तेव्हा तरी तोंड उघडायचं!”

“तुम्ही मापं सांगता, मी वहीत लिहिते,” बाई म्हणाल्या. “कान गेला म्हटल्यावर जो आकडा चुकला तो माझाच ठरला असता.”

“मी असं केलं असतं?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या चहा टाकायला आत गेल्या. चहाचं म्हटलेलं ऐकू गेलं नव्हतं, पण दुपारच्या चहाची वेळ झालीच होती.

मास्तर मात्र त्या बघण्यापाशीच उभे राहिले. तसं बघणं त्यांनी आधी एकदाच पाहिलं होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कात्री दोघांच्याही हातात असायची, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या हातात ती जास्त शोभायची. एका तरुणानं लग्नाच्या कोटासाठी कुठून तरी लांबून कापड आणलं. भारी कापड, एका बाजूनं लव असलेलं, सुलट-उलट अगदी वेगळं. मास्तर घाईत होते. त्यांनी पुढच्या भागाचा कागद कापडावर ठेवला, खुणा केल्या, कापला. दुसऱ्या बाजूसाठी कागद पलटायला हवा होता. तो त्यांनी पलटला नाही. दोन्ही पल्ले डावे निघाले. असा कोट घालायचा तर माणसाला उजवी बाजूच नसायला हवी. कापड संपलेलं, तसं दुसरं मिळणार नव्हतं, लग्न आठवड्यावर आलेलं. नवरदेव भडकला, त्याचा बाप त्याहून भडकला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि सहज भेटायला आलेली बाईंची धाकटी बहीण होती. एवढ्या लोकांसमोर मास्तरांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“खुणा हिनं केल्या होत्या.”

तेव्हा बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे असंच पाहिलं होतं. ब्र काढला नव्हता. धाकटी मात्र चप्पल घालून निघून गेली, ती पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. आठवड्याभरात ‘मास्तरीण कापते तिथं नको’ हे गल्लीभर झालं. बाईंनी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. काज, बटणं, तुरपाई आणि मापांची वही, एवढंच त्यांनी स्वतःकडे घेतलं. मास्तरांनी कधी आग्रह केला तर म्हणायच्या, माझं हेच बरं चाललंय.

महिन्याभरानंतर एका दुपारी मास्तरांच्यानं राहवलं नाही. मशीन चालवता चालवता, मान वर न करता ते बोलून गेले होते. कोटाच्या वेळी चूक माझी होती, तुझ्यावर ढकलली, मला माफ कर. डावीकडच्या स्टुलावरून उत्तर आलं होतं, “हं.”

त्या एका ‘हं’वर मास्तर बावीस वर्षं सुखानं जेवले होते.

आणि आता ते उजव्या बाजूच्या मशीनवर बसून हिशेब करत होते, की ती माफी कोणत्या कानात गेली असेल. उजव्या. बाईंचा उजवा कान त्यांच्याकडे, बावीस वर्षांपासून. काही वर्षं झाली, ती म्हणाली. काही म्हणजे किती? दुकानाला आग लागलीय का, हं. मला माफ कर, हं. तिला कधी ऐकूच गेलं नसेल तर? मी माफी मागितली हे तिला ठाऊकच नसेल तर, ही बाई एवढी वर्षं माझ्या शेजारी कशी बसली असेल? आणि महिन्यापूर्वी ती सुईसकट कलंडली तेव्हा उठलीच नसती तर?

त्या विचारासरशी त्यांनी मशीन बंद केली आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी एक नर्स पांढरा कोट कमरेत कमी करून घ्यायला आली. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, कानाचंही, फोनचंही. बाई “अहो, पुरे,” म्हणत राहिल्या.

“त्यात काय मोठंसं?” नर्स म्हणाली. “स्पीकरवर टाका की. फोन टेबलावर, तुम्ही स्टुलावर. ना कान, ना खिसा.”

“पण मेंदू शिजतो त्याचं काय?” क्लॅरिनेटवाल्यानं विचारलं.

“कशावरून म्हणता?”

“मेसेज आलाय.”

“मग तुमचा शिजलाय बहुतेक,” नर्स म्हणाली. “तसं काही सिद्ध झालेलं नाही. यांचं यंत्र तेवढं लांब ठेवा, आणि फोन बघत रस्ता ओलांडू नका. त्यानं जास्त माणसं येतात आमच्याकडं.”

मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर खडूनं आडवी रेघ मारली. टेबलाच्या कडेपासून आठ इंच. रेघेच्या पलीकडे फोनची जागा. मग त्यांना ते कमी वाटलं, त्यांनी ती पुसून दहावर मारली. बाई बघत राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, “एवढ्या लांब ठेवलात तर मला उठून भेटायला जावं लागेल त्याला.”

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन रेघेपलीकडून वाजला आणि तिचा आवाज दुकानभर झाला. पहिल्याच वाक्यात तिनं स्वतःच्या सासूबद्दल जे काही सांगितलं त्यानं इस्त्रीला आलेलं गिऱ्हाईक थबकून उभंच राहिलं. बाईंनी घाईघाईनं सांगितलं, की फोन स्पीकरवर आहे.

“मग भावोजी तिथंच आहेत का?” पलीकडचा आवाज एकदम गार झाला.

“आहेत.”

“मग मी नंतर करते, ताई.”

फोन बंद झाला. बाईंनी बटणांचा डबा उघडला, बंद केला. मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. धाकटी विसरली नव्हती, आणि धाकटीला इतक्या वर्षांत कोणी काही सांगितलंही नव्हतं. म्हणजे बाईंना सांगण्यासारखं काही मिळालंच नव्हतं. माफी त्यांना ऐकूच गेली नव्हती, अशी मास्तरांची खात्री पटली.

दुपारी दुकान रिकामं झालं. मास्तरांनी दाराशी ठेवलेलं गिऱ्हाइकाचं स्टूल उचललं, बाईंच्या डावीकडे आणून ठेवलं आणि त्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी दुकान या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. बाईंच्या डाव्या कानामागं पांढरे केस होते. त्यांना ठाऊक नव्हते.

“तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “पूर्वी एकदा सांगितलं होतं, पण चुकीच्या कानात.”

“हं?”

“तो कोट. दोन डाव्या पल्ल्यांचा. खुणा माझ्या होत्या, कात्री माझी होती. तू मधे कुठंच नव्हतीस. मी लोकांना भ्यायलो आणि तुझं नाव घेतलं.” त्यांनी स्टूल अजून थोडं जवळ ओढलं. “तेव्हा मी मशीनवरून माफी मागितली होती. तू हं म्हणालीस. मला वाटलं, मिटलं. तुला ऐकूच आलं नसेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही बघ.”

बाई शर्टाचं बटण लावत होत्या. दोरा वर ओढून त्यांनी गाठ मारली.

“ऐकलं होतं मी.”

“कधी?”

“तेव्हाच. कान गेला सर्दीत, त्याला सात वर्षं झाली. तुम्ही बोललात त्याला बावीस. तेव्हा मला दोन्ही कानांनी छान ऐकू यायचं.”

मास्तरांना आधी हायसं वाटलं. मग ते हायसं वाटणं कुठंतरी अडकलं.

“मग तू हं म्हणालीस ते?”

“हं म्हणजे ऐकलं,” बाई म्हणाल्या. “माफ केलं असं मी कुठं म्हटलं होतं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माप सांगावं तसं त्या सांगत होत्या, छाती अडतीस, बाही तेवीस.

“बावीस वर्षं?” मास्तरांनी विचारलं.

“अहो, राग एवढा टिकतो का? राग केव्हाच गेला. संसार झाला, लेक मोठी झाली, आपल्या घरी गेली. परवा मी पडले तर तुम्ही अनवाणी धावलात. डॉक्टर सहा म्हणाले तर तुम्ही दहा इंचांवर रेघ मारलीत. ते मला दिसत नाही का? माणूस म्हणून तुमच्यात मला काही कमी दिसत नाही.” बाईंनी पुढचं बटण घेतलं, पण लावलं नाही, तळहातावर ठेवलं. “पण ते एक राहिलं ते राहिलं. माझं नाव घेतलंत ते चारचौघांत, अगदी टाचा उंचावून. आणि माफी मागितलीत ती मशीनच्या आवाजात. तुमचा पाय सुद्धा थांबला नाही. मला त्या दिवशी वाटलं, हे माझ्याशी बोलतायत का शिवणीशी?”

मास्तर खाली बघत राहिले. जमिनीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते, सगळ्या रंगांचे. त्यांनी एक उचलला, मग दुसरा.

“मग तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्हाला एवढं बरं वाटलं होतं,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी दोन वाढी जास्त जेवलात. मग मी म्हटलं, जाऊ दे.”

त्यानंतर दोन दिवस मास्तर कामात चुकत होते. क्लॅरिनेटवाल्याच्या कोटाला त्यांनी वर दोन भोकांची आणि खाली चार भोकांची बटणं काढून दिली, बाईंनी ती मुकाट्यानं सारखी केली. माणूस वयानं साठीला टेकला की त्याला वाटतं, आपली सगळी देणीघेणी तरी स्वच्छ आहेत. मास्तरांना कळत होतं, की बाई मागत काहीच नाहीत. त्या कधीच मागणार नाहीत. त्यांनी विषयसुद्धा पुन्हा काढला नाही, उलट जेवताना ते गप्प बसले तर लेकीच्या खोड्या सांगून हसवत होत्या. आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली ते इवलंसं यंत्र ठोक्यामागून ठोका सांभाळत होतं. डॉक्टर म्हणाले होते, बरीच वर्षं चालेल. पण वर्षं चालतील म्हणून कोणी दिवस वाया घालवत नाही, हे मास्तरांना त्या दुपारी बाईंच्या डावीकडे बसून कळून चुकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. नर्स कोट न्यायला आली होती आणि तो अंगात घालून आरशासमोर कमरेची शिवण बघत होती. तिच्यासोबत तिची आई होती. क्लॅरिनेटवाला नव्या कोटात, जागेवरच चार पावलं कवायत करून बाही ओढते का ते पाहत होता. दारात बटणवाला कशासाठी तरी टेकला होता. मास्तर बाहीला शेवटची शिलाई मारत होते. अशात रेघेपलीकडे फोन वाजला. बाईंनी हात लांब करून तो सुरू केला.

“ताई, भावोजी आहेत का जवळ?” धाकटीनं आधीच विचारून घेतलं.

“आहेत गं. गिऱ्हाइकंही आहेत.”

“मग नंतर...”

“फोन ठेवू नकोस,” मास्तर म्हणाले.

त्यांनी मशीन थांबवली. नुसता पाय थांबवला नाही, उठून उभे राहिले, वळसा घालून बाईंच्या डाव्या बाजूला आले. दुकानातल्या लोकांना वाटलं, बाईंना पुन्हा काही होतंय. नर्स लगेच वळली.

“तू त्या दिवशी इथं होतीस,” मास्तर फोनकडे बघून म्हणाले. त्यांचे हात एप्रनला पुसले जात होते. “म्हणून तुझ्यासमोर सांगतो. तो लग्नाचा कोट मी कापला होता. दोन्ही पल्ले मीच डावे कापले. खुणा माझ्याच हातच्या होत्या. हिनं केल्या म्हणून मी इथं सगळ्यांदेखत सांगितलं, ते खोटं होतं. ही माझ्यापेक्षा चांगली कापायची, आणि माझ्या त्या एका वाक्यानं हिचं काम गेलं.”

क्लॅरिनेटवाला एक पाय वर उचलून तसाच उभा होता. नर्सच्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तिनं हातातली पिशवी आवाज होऊ नये म्हणून पोटाशी धरली. फोनमधून धाकटीच्या घरातल्या पंख्याची घरघर तेवढी येत होती.

मास्तर बाईंकडे वळले. त्यांच्या डाव्या कानामागचे पांढरे केस त्यांना दिसले, आणि पुढचे जे शब्द त्यांनी रात्रंदिवस जुळवून ठेवले होते, ते सगळे एकदम सांडले. उरले तेवढेच त्यांनी म्हटले.

“चुकलो. मला माफ कर.”

बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटांत सुई होती, सुईत दोरा होता, आणि तो दोरा अजिबात हलत नव्हता.

“काय म्हणालात?” त्या म्हणाल्या. “नीट ऐकू आलं नाही.”

मास्तर त्यांच्यापासून हातभरही लांब नव्हते. मशीन बंद होती, रस्त्यावर शुकशुकाट होता. त्यांना पक्कं ठाऊक होतं, की हिला शब्द न् शब्द ऐकू गेला आहे. बाईंचे डोळे खाली होते, ते भरून आले होते, आणि ओठाचा कोपरा मात्र लबाडीनं वर गेला होता.

मास्तरांनी घसा साफ केला, दारातल्या बटणवाल्याला हातानं आत बोलावलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, जरा मोठ्यानं.